दोन हातांवरचा खळगा : गोल्फमधील जवळच्या फटक्याचा एक अभ्यास

गोल्फसारख्या खेळावर आपल्या वार्षिकांकात लेख यावा आणि तो अड्याळच्या एका मुलीने लिहावा, याचे काही वाचकांना हसू येईल. ते साहजिकच आहे. आमचे अड्याळ हे भंडारा-पवनी रस्त्यावरचे, धानाच्या बांध्यांनी वेढलेले गाव. येथे कबड्डी आहे, व्हॉलीबॉल आहे, क्रिकेट तर गल्लोगल्ली आहे. गोल्फचे मैदान मात्र नाही आणि ते होण्याचे काही कारणही नाही. मी स्वतः असे मैदान एकदाच पाहिले आहे, तेही कुंपणाच्या तारेबाहेरून. तरीही गेल्या दिवाळीपासून या खेळाच्या एका लहानशा अंगाचा मी अभ्यास करीत आहे. माझी प्रयोगशाळा म्हणजे आमचे सारवलेले अंगण.

याला निमित्त झाला माझा मावसभाऊ. त्याला आम्ही सारे दादा म्हणतो. दादा नागपूरला एका गोल्फच्या मैदानावर कॅडी आहे. कॅडी म्हणजे खेळाडूच्या काठ्यांची पिशवी वाहणारा, अंतर सांगणारा, जमिनीचा उतार ओळखून देणारा मदतनीस. दुसऱ्याची पिशवी वाहता वाहता दादा स्वतः चांगला खेळू लागला. त्याच्या मैदानावर कॅडींची एक स्पर्धा होते, आणि मागच्या खेपेला पहिल्या क्रमांकाला काठ्यांचा पूर्ण संच मिळणार होता. स्वतःच्या काठ्या नसलेल्या माणसाला गोल्फ खेळता येत नाही, तो फक्त दुसऱ्याचा पाहू शकतो. तेव्हा त्या संचाचे मोल काय असेल ते वाचकांनी ताडावे. शेवटच्या खळग्यापाशी दादाचा चेंडू तीन फुटांवर थांबला होता. आपल्या जुन्या मापाने दोन हात. तो आत गेला असता तर संच त्याचा होता. दादाने मारला, आणि चेंडू काठाला घासून बाहेर राहिला.

दिवाळीला तो घरी आला तेव्हा त्याच्याजवळ कोणा सभासदाने टाकून दिलेली एक जुनी काठी आणि चार चेंडू होते. धानाची कापणी सुरू होती. पाऊण क्विंटलचे पोते पाठीवर घेताना ज्याचा पाय डगमगत नाही, त्याचा हात जेमतेम चार तोळ्यांच्या चेंडूपुढे का डगमगावा, हा प्रश्न माझ्या मनात आला तो त्या दिवसांत. प्रस्तुत लेख म्हणजे त्या प्रश्नाचा माझ्या परीने घेतलेला मागोवा होय.

ज्यांना हा खेळ मुळीच ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडे सांगणे अवश्य आहे. गोल्फमध्ये अठरा खळगे असतात. दूरवरून काठीने चेंडू मारीत आणायचा, आणि कमीत कमी फटक्यांत तो खळग्यात घालायचा. खळग्याभोवती अगदी बारीक कापलेली हिरवळ असते, तिला ग्रीन म्हणतात. तेथे चेंडू उडवायचा नसतो, घरंगळवायचा असतो. त्यासाठी जी सपाट तोंडाची काठी वापरतात ती पटर, आणि त्या फटक्याला पट म्हणतात. अडीचशे मीटर दूर फेकलेला चेंडू हा एक फटका, आणि दोन हातांवरून हळूच ढकललेला चेंडू हाही एकच फटका. याला या खेळाचा न्याय म्हणावे की अन्याय, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

खळग्याचे माप साऱ्या जगात एकच आहे : व्यास सव्वाचार इंच, म्हणजे १०८ मिलिमीटर. स्कॉटलंडमधील मसलबरा येथे १८२९ साली खळगा पाडण्याचे जे अवजार होते त्याचे हे माप, आणि सेंट अँड्र्यूजच्या जुन्या संस्थेने १८९१ साली ते नियमात घातले. चेंडूचा व्यास ४२.६७ मिलिमीटरपेक्षा कमी नसावा आणि वजन ४५.९३ ग्रॅमपेक्षा अधिक नसावे, असाही नियम आहे. म्हणजे खळगा चेंडूच्या अडीचपट रुंद. कंपासपेटीतल्या पट्टीने मापून त्याच तोंडाचा एक पत्र्याचा डबा मी शोधला, खुरपीने अंगणात खड्डा केला आणि डबा काठापर्यंत पुरला. आईने त्या दिवशी जे ऐकवले ते येथे लिहिण्याजोगे नाही.

सारवलेले अंगण आणि गोल्फची हिरवळ यांत साम्य काय, असे कोणी विचारील. वाटते त्याहून पुष्कळ आहे. शेणाचा हात फिरतो तशा त्या अर्धवर्तुळाकार रेघा वाळतात, आणि चेंडूचा जोर संपत आला की त्या रेघा त्याला आपल्या बाजूला ओढतात. दादा म्हणाला, ग्रीनवर गवताचे पातेही असेच एका अंगाला कललेले असते आणि मंद चेंडूला ते वळवते. जोरात जाणाऱ्या चेंडूला रेघही अडवीत नाही आणि गवतही. उताराचेही तसेच. पावसाचे पाणी साचू नये म्हणून अंगणाला नालीकडे थोडा ढाळ दिलेला असतो. तो डोळ्यांना दिसत नाही. पण गडवाभर पाणी ओतले की लगेच कळतो. मी वर्षानुवर्षे ते अंगण सारवीत आले, पण त्याला दोन ढाळ आहेत, एक नालीकडे आणि एक तुळशीकडे, हे मला गोल्फचा चेंडू घरंगळला तेव्हा कळले. ग्रीनवर अर्थातच पाणी ओतता येत नाही. तेथे कॅडी खाली वाकून, चेंडूच्या पाठीमागून, आणि पाऊस पडला तर पाणी कोणीकडे वाहील असा विचार करून ढाळ ओळखतो. दादाला हे उत्तम येते. म्हणजे त्याचा फटका चुकला तो जमीन न कळल्यामुळे नव्हे.

मग कशामुळे? प्रथम मी दिशेचा विचार केला.

तीन फुटांवरून खळग्याच्या मध्याकडे रेघ ओढली, तर तिच्या डाव्या-उजव्या अंगाला खळगा ५४ मिलिमीटर पसरलेला असतो. म्हणजे चेंडू सुमारे सव्वातीन अंश इकडे-तिकडे झाला तरी, अगदी संथ जात असेल तर, आत पडायला हवा. सव्वातीन अंश म्हणजे किती, हे माझ्यासारख्या कलाशाखेच्या विद्यार्थिनीला नुसत्या आकड्याने उमगेना. म्हणून मी पटरच्या तोंडावर उतरले. ते तोंड साधारण दहा सेंटिमीटर रुंद आहे. त्याचे एक टोक दुसऱ्या टोकाच्या सहा मिलिमीटर पुढे गेले की सव्वातीन अंश पुरे होतात. सहा मिलिमीटर म्हणजे तांदळाच्या एका दाण्याची लांबी. खळगा सहा फुटांवर असेल तर मोकळीक निम्मी, म्हणजे धानाच्या दाण्याची रुंदी. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. चेंडू कोणत्या दिशेला निघेल हे काठी कोणत्या वाटेने आली यापेक्षा, चेंडूला लागते वेळी तिचे तोंड कोणीकडे होते यावर कितीतरी अधिक अवलंबून असते. काठीची वाट थोडी वाकडी आली तरी चालते, तोंड वाकडे चालत नाही.

मी आईच्या रांगोळीच्या डब्यातून चेंडूपासून खळग्यापर्यंत एक सरळ रेघ ओढली. रांगोळीवरून चेंडू गेला की त्याची वाट जमिनीवर उमटते. याहून चांगले उपकरण मोठ्या प्रयोगशाळेतही मिळणे कठीण. दादाने चेंडू मारले. पहिल्या दोन-तीन वेळा वाट आणि रेघ एकच होती. आम्ही सारे भोवती जमून "आता पाहू" म्हणालो, की वाट रेघेच्या उजवीकडे फुटे. अंतर तेच, जमीन तीच, हातही तोच. फक्त पाहणारे वाढले होते.

दिशेनंतर जोर. येथे विज्ञानशाखेच्या माझ्या एका मैत्रिणीने मला मदत केली. तिने विचारले, चेंडू खळग्यावरून उडून न जाता आत पडावा तर तो जास्तीत जास्त किती वेगाने यावा? तिचा हिशेब असा : पुढच्या काठाला मागच्या काठाच्या पातळीखाली निदान आपल्या त्रिज्येइतके, म्हणजे सुमारे २१ मिलिमीटर, चेंडूने खाली यायला हवे. तेवढे पडायला सुमारे ०.०६६ सेकंद लागतात. त्या वेळात चेंडूला पुढे जायला मोकळी जागा १०८ वजा २१, म्हणजे ८७ मिलिमीटर. भागाकार केला की वेग येतो सेकंदाला सुमारे १.३ मीटर. माणूस आपल्या सवयीच्या चालीने चालतो तोच हा वेग. याहून थोडा अधिक असला तर चेंडू पलीकडच्या काठावर आपटून कधी आत पडतो, कधी उडतो. अर्थात हा हिशेब खळग्याच्या बरोबर मध्यावरून जाणाऱ्या चेंडूचा. कडेने जाणाऱ्याला वाट आखूड मिळते, म्हणून त्याने आणखी सावकाश यायला हवे. तात्पर्य, जोर वाढवला की सव्वाचार इंचांचा खळगा प्रत्यक्षात लहान होतो. पण जोर फार कमी केला तर मघाच्या त्या सारवणाच्या रेघा आणि ढाळ चेंडूला खेचून नेतात. दादाच्या मैदानावरचे जाणते सांगतात की चुकला तर खळग्यापलीकडे हात-दीड हात जाऊन थांबेल एवढाच जोर असावा. आमच्या अंगणातही तोच बरोबर ठरला.

आता हाताविषयी. काठी घट्ट आवळून धरली की मनगट ताठते आणि तोंड फिरते. पाखडताना जी बाई सूप घट्ट आवळते तिच्या सुपातला दाणा उडत नाही, हे आमच्याकडे लहान मुलीलाही ठाऊक असते. पटर तसाच धरावा : सुटणार नाही इतपतच. मनगटे स्थिर ठेवून दोन्ही खांद्यांनी पाळण्यासारखा झोका द्यावा. डोळे चेंडूच्या बरोबर वर असावेत. ते आत-बाहेर झाले की सरळ रेघच तिरपी दिसू लागते. काठी जेवढी मागे न्यायची तेवढीच पुढेही जाऊ द्यावी. भ्यालेला माणूस काठी लांब मागे नेतो आणि मग भिऊन मध्येच आखडतो. ही आखडण्याची क्रिया फार वाईट. तिच्यात तोंड हटकून वळते.

हे सारे दादाला माझ्याआधी ठाऊक होते. त्यानेच मला शिकवले. म्हणून कारण अजून सापडलेले नव्हते.

ते सापडले ते एका ठिपक्यामुळे. चेंडू नेहमी एकाच जागी ठेवता यावा म्हणून मी रांगोळीचा एक बारीक ठिपका काढला होता आणि त्यावर चेंडू ठेवीत होते. एकदा दादाचा फटका चुकल्यावर मी सहज विचारले, ठिपका विस्कटला का? तो म्हणाला, "मले का मालूम? मी तं चेंडू जातानी पावून रायलो ना." पुढचा फटका बरोबर गेला. मी पुन्हा विचारले. त्याने ठिपका पाहिला होता. मग आम्ही प्रत्येक फटक्यानंतर तोच एक प्रश्न विचारू लागलो. चेंडू निघून गेल्यावर ज्या ज्या वेळी त्याला ठिपका दिसला होता, त्या त्या वेळी चेंडू बहुधा डब्यात पडला होता. ज्या वेळी दिसला नव्हता त्या वेळी त्याची मान फटका लागायच्या आधीच खळग्याकडे वळलेली होती, मानेबरोबर खांदा, खांद्याबरोबर पटर. तांदळाच्या दाण्याएवढी मोकळीक तेथेच संपत होती. तो मात्र शपथेवर सांगत होता, "मले तं वाटते का मी चेंडूच पायतो." आपली नजर केव्हा पळाली हे नजरेच्या मालकालाच कळत नाही.

यात नवल वाटायचे कारण नाही. लहानपणापासून आपण नेम धरायला शिकतो तो लक्ष्याकडे पाहून. चिंचा पाडताना कोणी हातातल्या दगडाकडे पाहत नाही. गोट्या खेळणारा मुलगा आपल्या बोटातल्या गोटीकडे पाहत नाही, समोरच्या गोटीकडे पाहतो. सारे गाव असेच शिकलेले असते. येथे मात्र ज्याला मारायचे ते पायाशी आणि जेथे पोहोचायचे ते दोन हातांवर. दूर असते तर माणूस त्याचा नाद सोडून देतो. दोन हातांवरचा खळगा डोळ्यांच्या कोपऱ्यात सारखा दिसत राहतो, हीच जवळच्या फटक्याची खरी अडचण.

पुढे वाचनात आले की कॅनडातील कॅल्गरी विद्यापीठाच्या जोन व्हिकर्स या संशोधिकेने खेळाडूंच्या नजरेचाच अभ्यास केला आहे. पट मारताना कसलेल्या खेळाडूची नजर फटक्याआधी दोन-अडीच सेकंद चेंडूच्या एकाच ठिकाणी टेकलेली असते, आणि चेंडू निघून गेल्यावरही क्षणभर तेथेच राहते. कच्च्या खेळाडूची नजर चेंडू, काठी, खळगा अशी भिरभिरत असते. या टेकलेल्या नजरेला त्यांनी शांत नजर असे नाव दिले. आमचा रांगोळीचा ठिपका आणि त्यांची शांत नजर एकच आहेत हे वाचून मला जो आनंद झाला, तो परीक्षेच्या निकालानेही झाला नव्हता.

पण लगेच एक शंका उभी राहिली. अमेरिकेचा जॉर्डन स्पीथ याने २०१५ साली मास्टर्स आणि यूएस ओपन या दोन मोठ्या स्पर्धा जिंकल्या, आणि त्या काळात तो जवळचे पट मारताना चेंडूकडे न पाहता खळग्याकडेच पाहत असे. मग आमचे शास्त्र खोटे म्हणायचे का? दादाने तसेही करून पाहिले. आश्चर्य म्हणजे त्याचे बरेच चेंडू आत गेले. पुष्कळ विचार केल्यावर मला असे वाटते की यात विरोध नाही. स्पीथची नजर आधीच खळग्यावर टेकलेली असते, ती मध्येच पळत नाही. मान वळत नाही, कारण ती अगोदरच वळवलेली आहे. बिघाड होतो तो नजर कोठे आहे यामुळे नव्हे, तर झोका चालू असताना ती जागा सोडते यामुळे. हे माझे मत आहे. जाणकारांनी ते तपासून पाहावे.

दादाला वाटत होते की असे फक्त त्याच्यासारख्याच्या हातून होते. म्हणून आम्ही मोबाइलवर मोठ्या खेळाडूंचे चुकलेले फटके शोधून काढले. जवळच्या फटक्याची सर्वांत करुण कथा १९७० सालची. सेंट अँड्र्यूज येथे ब्रिटिश ओपनच्या शेवटच्या खळग्यावर डग सँडर्सला जिंकायला जेमतेम तीन फुटांचा पट हवा होता. तो उभा राहिला, मध्येच त्याला गवतात काहीतरी दिसले, पाय न हलवता तो वाकला, ते बाजूला सारले आणि तसाच मारला. चेंडू बाहेर राहिला. दुसऱ्या दिवशीच्या निर्णायक सामन्यात जॅक निकलॉसने त्याला एका फटक्याने हरवले. उभे राहण्याचा क्रम एकदा मोडला की पाऊल मागे घेऊन पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी, हे दादाने त्यावरून घेतले. हेल अर्विनचे तर दोन इंचांवरून चुकले. १९८३ च्या ब्रिटिश ओपनमध्ये इतका जवळचा चेंडू तो सहज ढकलायला गेला, काठी चेंडूला लागलीच नाही, तरी फटका मोजला गेला, आणि स्पर्धा त्याने एकाच फटक्याने गमावली. दक्षिण कोरियाच्या किम इन-ग्यूंग हिचा २०१२ साली एका मोठ्या स्पर्धेत शेवटच्या खळग्यावर फूटभर अंतराचा पट चुकला.

परंतु दादा ज्या फटक्यापाशी थांबला तो आपल्याकडच्या खेळाडूचा होता. अनिर्बान लाहिरी याचा जन्म १९८७ साली पुण्याचा. वडील सैन्यात डॉक्टर, खेळाची गोडी त्यांच्याकडूनच लागलेली. २०१५ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतील पीजीए चॅम्पियनशिपमध्ये तो पाचव्या स्थानावर राहिला. इतक्या मोठ्या स्पर्धेत तोवर कोणी भारतीय इतका वर गेला नव्हता. त्याच वर्षी प्रेसिडेंट्स कप या सांघिक सामन्यासाठी त्याची निवड झाली. तो खेळणारा तो पहिला भारतीय. एका बाजूला अमेरिका, दुसऱ्या बाजूला युरोप सोडून बाकीचे जग. ११ ऑक्टोबर २०१५ रोजी दक्षिण कोरियातील इंचॉन येथे शेवटच्या दिवशी लाहिरीची गाठ क्रिस कर्कशी होती. अठराव्या खळग्यापर्यंत दोघे बरोबरीत. लाहिरीने सुरेख फटका मारून चेंडू चारएक फुटांवर आणला. कर्कचा पंधराएक फुटांवर होता. म्हणजे लाहिरीचे पारडे उघड जड. कर्कने आधी मारला आणि इतक्या दूरचा चेंडू आत गेला. आता लाहिरीला बरोबरीसाठी चार फूट हवे होते. चेंडू काठावर फिरला आणि बाहेर पडला. अमेरिका १५॥ विरुद्ध १४॥ अशी जिंकली. तो अर्धा गुण मिळाला असता तर हिशेबाने १५-१५ होते.

दादाने तो फटका कितीदा पाहिला असेल याची मोजदाद नाही. मला स्वतःला त्यात वेगळेच काही दिसले. कर्कचा चेंडू पडण्याआधी लाहिरीचा पट जिंकण्याचा होता. पडल्याबरोबर तो हरण्यापासून वाचण्याचा झाला. चेंडू जागचा हलला नव्हता, खळगाही नाही. पण फटक्याचा अर्थ बदलला होता.

या बाबतीत अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना रस वाटेल असा एक निबंध आहे. डेव्हिन पोप आणि मॉरिस श्वाइट्झर या दोन अभ्यासकांनी अमेरिकेतील व्यावसायिक खेळाडूंचे पंचवीस लाखांहून अधिक पट तपासून २०११ साली तो प्रसिद्ध केला. प्रत्येक खळग्याला ठरावीक फटके नेमलेले असतात, त्यांना पार म्हणतात. एक फटका वाचवला तर बर्डी. तोच खेळाडू, तेवढेच अंतर, तरी पार राखण्याचा पट बर्डीच्या पटापेक्षा थोडा अधिक वेळा आत जातो असे त्यांना आढळले. मिळवण्याच्या आनंदापेक्षा गमावण्याचे दुःख माणसाला मोठे वाटते, हा कानेमन आणि ट्व्हर्स्की यांचा १९७९ सालचा सिद्धान्त. त्याचाच हा पुरावा. बर्डीच्या वेळी खेळाडू जपून मारतो, म्हणून चेंडू अलीकडे राहतो. हे वाचून मी चक्रावले. माझी समजूत अशी की भीतीने हात बिघडतो, आणि येथे तर गमावण्याची भीती हात सुधारताना दिसते! मला वाटते, रोजच्या खेळातली थोडी भीती माणसाला सावध करते, आणि एकाच फटक्यावर सारे येऊन ठेपले की तीच त्याची नजर उचलते. थोडी आणि फार यांची सीमा कोठे आहे, ते त्या निबंधातही नाही आणि आमच्या अंगणातही सापडले नाही.

मुलींसाठी येथे एक नाव घेतल्यावाचून राहवत नाही. बंगळूरची अदिती अशोक. टोकियोचे ऑलिंपिक २०२१ साली झाले, तेव्हा दूरच्या फटक्यात ती बहुतेकींच्या मागे पडत होती. तरीही शेवटच्या दिवशी ती पदकाच्या शर्यतीत राहिली, ती केवळ हिरवळीवरच्या कौशल्यामुळे. आणि एका फटक्याने तिचे पदक हुकून ती चौथी आली. अंगात जोर नाही म्हणून मुलींना मैदानाबाहेर ठेवणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे. दोन हातांवरच्या खळग्यासाठी जोर लागतच नाही.

आम्ही जो सराव ठरवला तो आता सांगते. कोणालाही तो करता येईल. पटर नसेल तर लोखंडी पट्टीला दांडा जोडूनही चालेल. मुंबईत चेंबूरच्या गल्ल्यांत, गोल्फच्या मैदानावर काम करणारी मुले वाकवलेल्या सळईने हा खेळ खेळत आली आहेत, तेव्हा लाजायचे कारण नाही. पहिल्याने एका हातावरून सुरुवात करावी आणि सलग दहा चेंडू आत गेल्याशिवाय मागे सरू नये. नववा चुकला तर पुन्हा एकपासून. हा नियम फार छळतो, पण शेवटच्या दोन-तीन चेंडूंना जी धडधड होते ती स्पर्धेतल्या धडधडीची धाकटी बहीण आहे, आणि ती एरवी अंगणात मिळत नाही. मग चेंडूच्या पुढे वीतभर अंतरावर दोन खिळे ठोकावेत, त्यांच्यामधून चेंडू जेमतेम जाईल इतक्या अंतराने. तोंड वळलेले असेल तर चेंडू खिळ्याला लागतो आणि लगेच कळते. खळग्याकडे पाहण्याची गरजच उरत नाही. त्यानंतर खळग्याच्या चारही दिशांना दोन-दोन हातांवर चेंडू ठेवावेत. नालीकडच्या ढाळाचा चेंडू आणि तुळशीकडून चढणीवर मारायचा चेंडू यांचा जोर किती वेगळा, हे हात स्वतःच शिकतो.

आणि सर्वांत महत्त्वाचे ते कानाचे. चेंडू मारल्यावर वर पाहायचे नाही. ठिपका पाहायचा आणि डब्याचा आवाज ऐकायचा. आत गेला की पत्रा खणकन वाजतो. न वाजला तर चुकला. तेही कानानेच समजून घ्यायचे. पहिले काही दिवस दादाला हे जमेना. मग आम्ही त्याला मनात "एक, दोन" म्हणायला लावले : एकला काठी मागे, दोनला चेंडू. त्यानंतरच मान वर. आजी ओसरीवर बसून हे पाहत असे. तिला खेळ कळत नव्हता, पण पत्रा वाजला नाही की तीच आधी म्हणायची, "गेला वाया!"

या पद्धतीच्या उणिवाही सांगितल्या पाहिजेत. अंगण कठीण असते, त्यावर चेंडू किंचित उडतो. हिरवळीवर तो प्रथम घसरतो आणि मग लोळू लागतो. त्यामुळे अंगणातला जोर तेथे जसाच्या तसा उपयोगी पडत नाही, मैदानावर गेल्यावर दोन दिवस तरी हात नव्याने बसवावा लागतो. सहा फुटांपलीकडे तर आमचे अंगण पुरतच नाही, तेथे बाज आडवी येते. शिवाय काही खेळाडूंचा हात या क्षणी आपोआप झटका देतो, त्याला यिप्स म्हणतात. जर्मनीचा बर्नहार्ड लँगर यावर किती तऱ्हा करीत राहिला! काठी धरण्याच्या रीती त्याने बदलल्या, लांब दांड्याचा पटर घेतला. आणि १ जानेवारी २०१६ पासून दांडा अंगाला टेकवून मारण्यास बंदी झाल्यावर पुन्हा नव्याने जमवून घेतले. त्यावर रांगोळीचा ठिपका हे औषध आहे असा माझा दावा नाही.

दादा परत नागपूरला गेला तेव्हा रांगोळीची एक पुडी सोबत घेऊन गेला. ग्रीनवर ठिपका काढता येत नाही. पण चेंडूवर पेनाने खूण करून ती तळाशी ठेवता येते, तसे तो करतो. पटर मात्र त्याने माझ्याजवळ ठेवला आहे, म्हणाला तेथे उसना मिळतो. कॅडींची या वर्षीची स्पर्धा परीक्षेच्या सुमारास आहे. हा अंक वाचकांच्या हाती पडेल तेव्हा तिचा निकाल लागलेला असेल. आईने गेल्या आठवड्यात अंगण सारवले तेव्हा डबा उपटून काढला आणि खड्डा बुजवला. मी तो काल पुन्हा खणला, या खेपेस तुळशीपासून थोडा दूर.